हॅलोअल्केन शिकताना: ध्रुवीयता, बंधऊर्जा आणि ओझोनचा प्रश्न

हॅलोअल्केनचा (अल्केनमधल्या हायड्रोजनच्या जागी फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन हा हॅलोजन आलेल्या संयुगांचा) अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: हा भाग पाठांतरावर निभावत नाही. नामकरण, प्राथमिक-द्वितीयक-तृतीयक असे वर्गीकरण आणि उत्कलनबिंदूंचा क्रम तुम्हाला येतो असे धरून मी लिहीत आहे, कारण तिथे सहसा कोणी अडत नाही. घोटाळा होतो तो कार्बन-हॅलोजन बंधाकडे पाहताना. परीक्षानळीतले जलापघटन (पाण्याने किंवा अल्कलीने हॅलोजन काढून टाकणे) आणि ओझोनच्या थराचे नुकसान ही दोन वेगळी प्रकरणे म्हणून शिकवली जातात. प्रत्यक्षात दोन्हीकडे प्रश्न एकच असतो, की कोणता बंध तुटतो आणि तो कशामुळे तुटतो. हे माझ्याही फार उशिरा लक्षात आले.

फ्लोरीनची विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद, सर्वाधिक, म्हणून कार्बन-फ्लोरीन बंध सर्वांत ध्रुवीय, म्हणून तिथल्या कार्बनवर न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉनजोडी देऊ पाहणारा कण) सर्वांत लवकर चालून जाणार, हा युक्तिवाद कानाला बिनतोड वाटतो आणि तरीही तो साफ चुकीचा आहे. कार्बन-फ्लोरीन बंध तोडायला प्रतिमोल सुमारे ४८५ किलोज्यूल लागतात, क्लोरीनच्या बंधाला सुमारे ३४०, ब्रोमीनच्या बंधाला सुमारे २८० आणि आयोडीनच्या बंधाला सुमारे २४०. तक्त्यागणिक हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण क्रम बदलत नाही. आणि अभिक्रियेचा वेग ध्रुवीयतेच्या नव्हे, तर याच क्रमाच्या मागे जातो.

याची खात्री पुस्तकातून करून घेण्यापेक्षा प्रयोगातून करून घ्यावी. १-क्लोरोब्युटेन, १-ब्रोमोब्युटेन आणि १-आयोडोब्युटेन यांचे सारखेच थेंब तीन नळ्यांतल्या इथेनॉलमध्ये घालून, नळ्या सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या जलऊष्मकात ठेवून, त्याच तापमानाचे जलीय सिल्व्हर नायट्रेट प्रत्येकीत एकाच वेळी घालायचे असते; बंध तुटून सुटलेला हॅलाइड आयन सिल्व्हरशी मिळून अवक्षेप देतो. आयोडोच्या नळीत पिवळसर गढूळपणा सर्वांत आधी येतो, मागून ब्रोमोच्या नळीत फिकट मलईच्या रंगाचा अवक्षेप दिसू लागतो, आणि क्लोरोची नळी बराच वेळ स्वच्छ राहून मग कुठे पांढुरकी होते. नोंद करायची ती गढूळपणा प्रथम दिसल्याच्या वेळेची. शेवटी अवक्षेप किती दाट झाला, याचा वेगाशी संबंध नाही. तिन्ही संयुगे एकाच वर्गातली असली पाहिजेत, नाहीतर तुम्ही हॅलोजनची तुलना करत आहात की कार्बनच्या सांगाड्याची, हे तुम्हालाच सांगता येणार नाही. जलापघटन सोडियम हायड्रॉक्साइडने केले असेल, तर सिल्व्हर नायट्रेट घालण्यापूर्वी विरल नायट्रिक आम्ल घातलेच पाहिजे. ते विसरल्यास सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी गाळ हाती येतो. त्या जागी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरणे म्हणजे स्वतःच क्लोराइड मिसळून मग ते सापडल्याचा आनंद मानणे होय. इथेनॉल चटकन पेट घेते, म्हणून जवळ ज्योत नको, आणि नळीला नाक लावून वास घेण्याचा मोह टाळावा.

एसएन-१ (आधी हॅलोजन सुटतो, मग न्यूक्लिओफाइल येतो) आणि एसएन-२ (दोन्ही एकाच वेळी घडते) या प्रतियोजनाच्या दोन मार्गांची भीती बाळगू नये. प्राथमिक संयुगे बहुधा एसएन-२ मार्गाने जातात, तृतीयक एसएन-१ मार्गाने, आणि गरम अल्कोहोलिक पोटॅश (अल्कोहोलमधले पोटॅशियम हायड्रॉक्साइड) दिसले की विलोपनाचा, म्हणजे हायड्रोजन व हॅलोजन निघून दुहेरी बंध तयार होण्याचा, विचार आधी करायचा. बाण मात्र पहिल्यापासून नीट काढावेत: बंधातली इलेक्ट्रॉनजोडी पूर्णपणे एकाकडे गेली तर पूर्ण टोकाचा बाण, जोडी फुटून एकेक इलेक्ट्रॉन वाटला गेला तर अर्ध्या टोकाचा. ‘बाण नंतर शिकू, आधी उत्पादिते पाठ करा’ असे सांगणारा मार्गदर्शक भेटला, तर त्याचा मान राखून दुसरा शोधावा, असे माझे ठाम मत आहे.

हा फरक सीएफसींच्या (क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे फक्त कार्बन, क्लोरीन आणि फ्लोरीन असलेल्या संयुगांच्या) बाबतीत लगेच कामाला येतो, कारण तिथे बंध समविभाजनाने, म्हणजे जोडी फुटून, तुटतो आणि क्लोरीनचा मुक्त मूलक (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला अणू) बाहेर पडतो. इथला सापळा मात्र मी सावकाश सांगणार आहे. ३४० किलोज्यूल प्रतिमोल या ऊर्जेवरून प्रकाशाची तरंगलांबी काढली, तर ती सुमारे ३५० नॅनोमीटर येते. हा प्रकाश जमिनीपर्यंत पोहोचतो. मग सीएफसी जमिनीलगतच का फुटत नाहीत? गणित बरोबर आहे, तरीही निष्कर्ष चुकतो, कारण बंध तोडण्यापुरती ऊर्जा प्रकाशात असणे पुरेसे नाही. रेणूने तो प्रकाश शोषलाही पाहिजे. सीएफसी ३५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषत नाहीत. त्यांना सुमारे २३० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचे अतिनील किरण लागतात, आणि ते वरच्या ऑक्सिजन व ओझोनमध्ये अडत असल्यामुळे खाली येत नाहीत. सीएफसी पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, त्यामुळे पावसाने धुऊन जात नाहीत, आणि हवेतल्या हायड्रॉक्सिल मूलकाने ओढून काढावा असा हायड्रोजनही त्यांच्यात नाही. म्हणून ते टिकतात, स्थितांबरात चढतात आणि तिथे कार्बन-क्लोरीन बंध तुटतो. ‘सीएफसी अतिशय क्रियाशील असल्यामुळे घातक आहेत’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नका. ते घातक ठरले ते खालच्या थरातल्या त्यांच्या निष्क्रियतेमुळे.

पुढची साखळी सोपी आहे. क्लोरीन ओझोनमधला एक ऑक्सिजन अणू घेऊन क्लोरीन मोनॉक्साइड बनतो, मोनॉक्साइड एका सुट्या ऑक्सिजन अणूशी भिडतो आणि क्लोरीन पुन्हा मोकळा होतो; असा एकच अणू हजारो ओझोन रेणू संपवू शकतो. मोलिना आणि रोलँड यांनी हा धोका १९७४ मध्ये मांडला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनघटीची निरीक्षणे प्रसिद्ध झाली आणि १९८७ मध्ये ओझोन संपवणाऱ्या पदार्थांवर निर्बंध आणणारा माँट्रियल करार झाला. सनावळी एवढी पुरे.

सीएफसी आणि त्यांच्या जागी शीतक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पर्यायी वायूंसाठी एक क्लृप्ती मात्र मला मनापासून मान्य आहे, कारण ती समजुतीची जागा घेत नाही. शीतकाच्या क्रमांकात ९० मिळवा. येणारे तीन अंक अनुक्रमे कार्बन, हायड्रोजन आणि फ्लोरीन यांची संख्या सांगतात, आणि कार्बनच्या उरलेल्या जागा क्लोरीनच्या. १२ वरून १०२ येतात, म्हणजे हायड्रोजन शून्य. २२ वरून ११२, म्हणजे एक हायड्रोजन, एक क्लोरीन. असा रेणू बराचसा खालच्या हवेतच हायड्रॉक्सिल मूलकाच्या तावडीत सापडतो. ३२ वरून १२२, म्हणजे दोन हायड्रोजन, दोन फ्लोरीन आणि क्लोरीन नाहीच. १३४ए वरून २२४ येतात आणि तिथेही क्लोरीन उरत नाही.

क्लोरीन गेला म्हणजे प्रश्न मिटला, असे मात्र नाही. कार्बन-फ्लोरीन बंध अवरक्त किरण चांगलेच शोषतात, त्यामुळे १३४ए ओझोनला जवळजवळ निरुपद्रवी असूनही शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ घडवतो; म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीने एचएफसींनाही (हायड्रोफ्लुरोकार्बन, म्हणजे १३४ए सारख्या क्लोरीन नसलेल्या संयुगांनाही) माँट्रियल करारात आणले. ओझोनचे छिद्र आणि तापमानवाढ यांची गल्लत इथेच होते. उत्तर लिहिताना वायूसमोर दोन रकाने पाडावेत: एकात क्लोरीन किंवा ब्रोमीन आहे का ते, दुसऱ्यात तो अवरक्त किरण किती शोषतो आणि हवेत किती काळ टिकतो ते. सीएफसी-१२ दोन्ही रकान्यांत दोषी ठरतो, १३४ए फक्त दुसऱ्यात.