जिनिंगच्या वजनकाट्यासाठी स्व-स्वाक्षरित प्रमाणपत्र: आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चालवायची एक स्क्रिप्ट

धरणगाव-चोपडा पट्ट्यातील एखाद्या जिनिंगमध्ये वजनकाट्याच्या नोंदी कार्यालयातील एका लिनक्स संगणकावर साठवल्या जात असतील आणि मुनीम व मालक त्या आपापल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पाहत असतील, तर ती ये-जा एचटीटीपीएस या कूटबद्ध जोडणीवरूनच व्हायला हवी. अन्यथा वायफायवर बसलेल्या कोणालाही पासवर्ड वाचता येतो. एचटीटीपीएससाठी सर्व्हरची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र लागते. मात्र १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्यासाठी सार्वजनिक प्रमाणपत्र-संस्था प्रमाणपत्र देत नाहीत. म्हणून ते स्वतःच तयार करावे लागते. त्यासाठी ओपनएसएसएल या प्रमाणपत्रे बनवणाऱ्या प्रोग्रामची १.१.१ किंवा त्यानंतरची आवृत्ती पुरेशी आहे.

पुढील ओळी एका स्क्रिप्ट-फाइलमध्ये लिहाव्यात. येथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. संगणकावर अक्षरे व अंक रोमन लिपीतच टंकावेत आणि आज्ञा सलग एका ओळीत ठेवावी.

उमास्क ०७७

ओपनएसएसएल रेक -एक्स५०९ -न्यूकी आरएसए:२०४८ -नोड्स -डेज ४०० -कीआउट काटा.की -आउट काटा.सीआरटी -सब्ज "/सीएन=काटा.इंटर्नल" -अ‍ॅडएक्स्ट "सब्जेक्टऑल्टनेम=डीएनएस:काटा.इंटर्नल,आयपी:१९२.१६८.१.१०" -अ‍ॅडएक्स्ट "एक्स्टेंडेडकीयूसेज=सर्व्हरऑथ"

यातील ‘सब्जेक्टऑल्टनेम’ हा भाग, म्हणजे प्रमाणपत्र ज्या नावांसाठी व पत्त्यांसाठी चालेल त्यांची यादी, सर्वांत महत्त्वाचा आहे. जुन्या मार्गदर्शिका केवळ ‘सीएन’ (कॉमन नेम) या रकान्यामध्ये नाव लिहायला सांगतात; परंतु क्रोमने २०१७ मधील ५८व्या आवृत्तीपासून ते नाव विचारात घेणे बंद केले. ब्राउझरच्या पट्टीत जो पत्ता टंकला जाणार आहे, तो अक्षरशः तसाच या यादीत असला पाहिजे. नावाने जायचे असेल तर ते नाव राउटरच्या डीएनएसमध्येही (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत) नोंदवावे लागते. आयपीने जायचे असेल तर राउटरमध्ये त्या संगणकाचा आयपी कायमचा बांधून ठेवावा, नाहीतर वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाल्यावर पत्ता बदलू शकतो आणि प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते.

मुदत ४०० दिवसांची का? प्रमाणपत्र दसऱ्याच्या सुमारास केले, तर ते पुढच्या वर्षी नेमके कापसाच्या आवकेच्या तोंडावर संपेल. त्यापेक्षा सालदारांचे (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतमजुरांचे) साल जसे आखाजीला नव्याने ठरते, तसेच हे कामही त्या शांत दिवसांत उरकावे. मात्र अधिक मास आल्यास दोन आखाज्यांमध्ये ३८० हून अधिक दिवस जातात, त्यामुळे ३६५ अपुरे पडतात. अॅपलची उपकरणे ८२५ दिवसांहून अधिक मुदतीचे सर्व्हर-प्रमाणपत्र नाकारतात. ती मर्यादा येथे ओलांडली जात नाही.

‘नोड्स’मुळे खासगी किल्लीवर (‘काटा.की’ या फाइलवर) पासवर्ड राहत नाही, जेणेकरून वीज आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू व्हावा. त्याची भरपाई पहिल्या ओळीतील उमास्क करते: तयार होणारी फाइल केवळ स्क्रिप्ट चालवणाऱ्यालाच वाचता येते. ओपनएसएसएलच्या नेहमीच्या मांडणीत हे प्रमाणपत्र स्वतः प्रमाणपत्र-संस्था म्हणूनही गणले जाते. अर्थात ज्या मोबाइलवर ते विश्वासार्ह म्हणून बसवले आहे, त्यावर किल्ली चोरणारा माणूस बँकेचेही बनावट संकेतस्थळ खरे म्हणून दाखवू शकतो. तेव्हा ‘काटा.की’ पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सअॅपवर कोणालाही पाठवू नये. मोबाइलवर फक्त ‘काटा.सीआरटी’ जाते.

स्क्रिप्ट चालवल्यावर दोन्ही फाइलींचे मार्ग वेब-सर्व्हरच्या मांडणीत द्यावेत आणि सर्व्हर पुन्हा सुरू करावा. अँड्रॉइडवर प्रमाणपत्र सेटिंग्जमधील सुरक्षा विभागातून ‘सीए प्रमाणपत्र’ म्हणून बसवावे. आयफोनवर प्रोफाइल बसवल्यानंतर ‘अबाउट’मधील प्रमाणपत्र-विश्वास सेटिंगही चालू करावी लागते. विंडोजवर प्रशासक म्हणून ‘सर्टयुटिल -अ‍ॅडस्टोअर रूट काटा.सीआरटी’ ही आज्ञा द्यावी. बसवण्याचा कंटाळा करून मुनिमाला इशारा डावलून पुढे जायला शिकवू नये. ती सवय बँकेच्या पानावरही टिकते.

एवढे करूनही ‘प्रमाणपत्र अद्याप वैध नाही’ असा संदेश आला, तर आधी दोन्ही उपकरणांचे घड्याळ पाहावे. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते.

मुदतीची आठवण संगणकावरच सोपवावी. ‘ओपनएसएसएल एक्स५०९ -चेकएंड २५९२००० -इन काटा.सीआरटी -नोआउट’ ही आज्ञा ३० दिवसांच्या आत मुदत संपणार असेल तर अपयशाचा संकेत परत करते. ती क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीतून) दररोज चालवावी आणि अपयश आल्यास काट्याच्या मुख्य पानावर सूचना झळकवावी.