‘वॉक आउट ऑन’ नेमके कधी वापरावे?

नवरा बायकामुलांची कसलीही सोय न लावता घर सोडून निघून गेला, हे इंग्रजीत सांगायचे झाले की आपल्याकडचे विद्यार्थी सरसकट ‘लेफ्ट’ लिहितात. ते व्याकरणाला धरून असले तरी त्यात नुसते जाणे येते. ज्यांचा भार आपल्यावर होता त्यांना वाऱ्यावर सोडले, हा ठपका ‘ही वॉक्ट आउट ऑन हिज फॅमिली’ असे म्हटल्यावरच उमटतो.

म्हणून जबाबदारी खरोखर झटकली गेली आहे का, हे आधी तपासावे. नंदुरबारचा माणूस कामासाठी सुरतेला गेला, कुटुंब गावीच राहिले आणि तो नियमित पैसे पाठवतो, तर ‘ही लेफ्ट हिज फॅमिली बिहाइंड’ असेच लिहावे. तेथे ‘वॉक्ट आउट ऑन’ लिहिणे म्हणजे कष्टकरी माणसावर खोटा आळ घेणे होय, आणि खानदेशातून पोटासाठी बाहेर पडणारे इतके आहेत की हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पैसे थांबले, फोनही उचलेनासा झाला, तर मात्र हा प्रयोग बसतो.

वाक्यात तिन्ही शब्द एकत्र ठेवावेत आणि व्यक्तीचा उल्लेख ‘ऑन’नंतरच करावा. ‘ही वॉक्ट हर आउट’ म्हणजे त्याने तिला दारापर्यंत सोबत केली. ‘ऑन’ गाळल्यास सभात्याग किंवा संप असा अर्थ निघतो.

व्यवहारातही हा प्रयोग चालतो. रावेरकडे केळीचा भाव ठरला, घड कापून बांधावर आणून ठेवले आणि व्यापाऱ्याने गाडीच पाठवली नाही, तर ‘द ट्रेडर वॉक्ट आउट ऑन द डील’ म्हणता येते. कापणीपूर्वीच त्याने नकार कळवला असता, तर ‘बॅक्ट आउट ऑफ द डील’ एवढे पुरेसे होते. ओस पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यासाठी मात्र ‘अबँडन्ड’ हेच विशेषण योग्य.

हा प्रयोग बोलण्यातला असल्यामुळे न्यायालयातील इंग्रजी अर्जात तो टाळून ‘डेझर्टेड’ लिहावे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १३ मध्ये घटस्फोटाचे कारण म्हणून हाच शब्द येतो, आणि अर्ज दाखल होण्याच्या लगत आधी सलग किमान २ वर्षे जोडीदाराने परित्याग केलेला असणे तेथे आवश्यक असल्याने, तो केव्हापासून झाला हेही त्याच वाक्यात नमूद करावे.