एआय एजंटसाठी एनमॅपची टीप लिहिताना

एआय एजंटच्या हाती एनमॅप (नेटवर्कवरच्या मशीनचे कोणते पोर्ट, म्हणजे सर्व्हिसची दारं, उघडे आहेत ते तपासणारं साधन) देताय? मग त्याच्यासाठीच्या सूचनांच्या टिपेत फ्लॅगची (कमांडला जोडायच्या पर्यायांची) यादी उतरवून काढू नका, ती त्याला पाठच असते. लिहायचं ते उत्तराचा अर्थ काय आणि काय नाही, हे. उदाहरणार्थ, साध्या स्कॅनमध्ये एनमॅप 65,535 पैकी फक्त नेहमीचे 1000 टीसीपी पोर्ट बघतं. ‘एकही पोर्ट उघडा नाही’ असा अहवाल एजंट बिनधास्त देतो, आणि सर्व्हिस बसलेली असते 48,000 च्या पुढे कुठेतरी! यूडीपी, म्हणजे टीसीपीहून वेगळ्या प्रोटोकॉलचे पोर्ट, तर त्यात येतच नाहीत. तसंच ‘होस्ट डाउन दिसतोय’ याचा अर्थ मशीन बंद आहे असा नव्हे. फायरवॉलने पिंग अडवलं असेल. अशा वेळी पिंग न करताच स्कॅन करणारा ‘पीएन’ (-Pn) फ्लॅग लावून पुन्हा बघ, हे शब्दांत लिहा. ‘फिल्टर्ड’ म्हणजे ‘बंद’ नाही, तर मध्येच अडवल्यामुळे उघडा की बंद ते कळलं नाही, हेही.

एसक्यूएलमॅपची (वेबसाइटमधून डेटाबेसमध्ये शिरता येईल अशा त्रुटी शोधणाऱ्या साधनाची) तऱ्हा वेगळी: ते मध्येच हो-नाही विचारतं आणि एजंट तिथेच ताटकळतो. ‘बॅच’ (--batch) फ्लॅग दिला की ते स्वतःच ठरलेलं उत्तर घेऊन पुढे जातं.

स्कॅन करायची परवानगी असलेले आयपी पत्ते मात्र टिपेत सगळ्यात वर लिहा. आणि नुसत्या टिपेवर विसंबू नका, बाकीचे पत्ते नेटवर्कवरच अडवा.