पीसीबी शिकताय? आधी स्वतःची लायब्ररी उभी करा

डिप्लोमा संपवून भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागले, तेव्हा पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते 12 व्होल्टवर चालणाऱ्या सेन्सर बोर्डाचं, म्हणजे पार्ट जोडायच्या तांब्याच्या ट्रॅकवाल्या पीसीबीचं. 3.3 व्होल्टसाठी एएमएस1117 हा व्होल्टेज रेग्युलेटर घेतला. त्याचा सिम्बॉल (सर्किटच्या चित्रातली खूण) नेटवरून उतरवला, फूटप्रिंट (बोर्डावर पार्ट बसायच्या पॅडांचा नकाशा) सॉफ्टवेअरमधलाच, एसओटी-223 पॅकेजचा लावला. ईआरसी, डीआरसी या सॉफ्टवेअरच्या जोडण्या आणि अंतरं तपासणाऱ्या चाचण्या केल्या, एकही एरर नाही. 25 बोर्ड बनून आले. पहिल्याला सप्लाय दिला आणि रेग्युलेटर असा तापला की बोट टेकवेना.

सिम्बॉल काढणाऱ्याने पिनांचा क्रम 7805 या दुसऱ्या रेग्युलेटरचा ठेवला होता: 1 इनपुट, 2 ग्राउंड, 3 आउटपुट. एएमएस1117 ला मात्र 1 ग्राउंड, 2 आउटपुट, 3 इनपुट असतं. त्यात त्याचा रुंद टॅब आतून आउटपुटलाच जोडलेला, आणि माझ्या बोर्डावर तो ग्राउंडच्या तांब्यावर बसला होता. नुसते ट्रॅक कापून भागणार नव्हतं. असेम्ब्लीच्या ताईंनी एकेक रेग्युलेटर काढला, त्या जागी कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न जाऊ देणारी) चिकटवली, त्यावर नवा पार्ट ठेवून तीन बारीक वायरींनी जोडला. दोन दिवस हेच चाललं. मी शेजारी बसून वायरी सोलत होते. त्या आठवड्यात मी माझी लायब्ररी, म्हणजे स्वतः तपासलेल्या सिम्बॉल-फूटप्रिंटचा संग्रह, सुरू केली.

पीसीबी काढायला मी कायकॅड हे सॉफ्टवेअर वापरते, म्हणून त्यातलंच सांगते. सोबत येणाऱ्या लायब्रऱ्यांमध्ये थेट बदल करायचा नाही. नवी आवृत्ती टाकली की त्या बदलतात. आपल्या डॉक्युमेंट्समध्ये एक फोल्डर करा. त्यात सिम्बॉलची एक फाइल, फूटप्रिंटसाठी नावाच्या शेवटी 'डॉट प्रेटी' असलेलं फोल्डर, 3डी मॉडेलांचं एक आणि डेटाशीटच्या (उत्पादकाच्या माहितीपत्रकाच्या) पीडीएफचं एक. मग 'कॉन्फिगर पाथ्स'मध्ये या फोल्डरला एक नाव द्या आणि लायब्ररी ग्लोबल यादीत जोडताना पूर्ण पत्ता न लिहिता ते नाव वापरा. लॅपटॉप बदलला की फक्त एक ओळ बदलावी लागते. फोल्डर गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवलं तर कुठला पॅड कधी बदलला हेही सापडतं.

सिम्बॉल आणि फूटप्रिंट यांना जोडणारी गोष्ट एकच: नंबर. सिम्बॉलमधली पिन 2 फूटप्रिंटमधल्या पॅड 2 ला जाते, पिनचं नाव काहीही असो. म्हणून डेटाशीट शेजारी उघडी ठेवून एकेक नंबर मोठ्याने वाचत टिक करा. चित्र वरून बघितलेलं आहे की खालून, हे आधी शोधा. कनेक्टरच्या डेटाशीटमध्ये इथेच जास्त फसगत होते. ट्रान्झिस्टरबद्दल तर गृहीत काहीच धरू नका. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी547 चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पीएन2222 चे बरोबर उलटे. दोघांचं पॅकेज एकच, टीओ-92.

मापांचंही तसंच. रेझिस्टर-कपॅसिटरच्या आकाराचं 0603 हे नाव इंचांतलं असेल तर पार्ट 1.6 गुणिले 0.8 मिलिमीटरचा; मेट्रिक 0603 म्हणजे त्याहून कितीतरी लहान, इंचांतला 0201. स्क्रू टर्मिनल 5 मिलिमीटर पिचचं (दोन पिनांमधल्या अंतराचं) मिळतं आणि 5.08 चंही. दोन पिनांचं असेल तर फरक कळत नाही, कसंही बसतं. दहा पिनांचं घेतलं की शेवटच्या पिनपर्यंत 0.72 मिलिमीटर साठतात आणि टर्मिनल भोकांत शिरत नाही.

यावर माझा उपाय साधा आहे. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन पार्टचे दोन-तीन नग आणते. फूटप्रिंट कागदावर शंभर टक्के स्केलने छापते. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'फिट टू पेज' काढायला विसरू नका. मग थर्माकोलवर कागद ठेवून पार्टचे पाय टोचून बघते. एसएमडी, म्हणजे भोकांशिवाय थेट पॅडवर बसणारा पार्ट, असेल तर चिमट्याने पॅडवर ठेवून भिंगातून बघते. कॅलिपरने घेतलेलं माप डेटाशीटशी जुळवते. एका पार्टला पंधरा मिनिटं लागतात.

प्रत्येक सिम्बॉलला मी चार फील्ड जोडते: उत्पादकाचा पूर्ण पार्ट नंबर, डेटाशीट, तपासल्याची तारीख, आणि 'बोर्डावर चालला' असं एक. शेवटचं फील्ड पार्ट खरोखर सोल्डर होऊन चालला की मगच भरायचं. ते रिकामं असेल तर 25 बोर्डांची ऑर्डर मी देत नाही, आधी पाचच करून घेते.

एक गोष्ट नवख्यांना हमखास गोंधळात टाकते. लायब्ररीतली चूक सुधारली तरी जुन्या प्रोजेक्टमध्ये ती तशीच राहते, कारण स्कीमॅटिक (सर्किटचं चित्र) आणि बोर्ड दोघेही स्वतःजवळ प्रत ठेवतात. 'अपडेट सिम्बॉल्स फ्रॉम लायब्ररी' आणि फूटप्रिंटसाठीची तशीच आज्ञा स्वतः चालवावी लागते.

शेकडो पार्ट एकदम भरायला जाऊ नका. पुढच्या बोर्डात जे लागणार आहेत तेवढेच घ्या, आणि सुरुवात रेग्युलेटरपासून करा.