पावडर मोजताना या चुका टाळा: काट्यावरचा आकडा आधी तपासा

रीलोडिंग, म्हणजे रिकाम्या काडतुसांत स्वतः पावडर (बारूद) मोजून पुन्हा भरणं, नवीन सुरू केलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो, कुठला डिस्पेन्सर (पावडर आपोआप मोजून देणारं यंत्र) घेऊ म्हणजे पटापट होईल. काटा बरोबर दाखवतोय का हे कसं बघायचं, असं विचारणारे फार कमी, आणि सगळी गडबड तिथेच होते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे काटा ऑन केला की लगेच कामाला लागायचं. आतला लोड सेल म्हणजे धातूचा तुकडा, वजनाने किंचित वाकतो आणि ते वाकणं काटा मोजतो, मग तापमान बदललं की आकडा सरकणारच. पावडर ग्रेन या एककात मोजतात, ०.१ ग्रेन म्हणजे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम, पंख्याच्या वाऱ्यानेही तेवढा फरक पडतो. मी स्वतः हे केलंय. घाईत होतो, काटा गार, शेजारी पंखा चालू, चाळीस काडतुसं भरून झाली आणि पॅन (पावडर घ्यायची काट्यावरची वाटी) उचलला तर स्क्रीनवर −१५०.६ ग्रेन. रिकामा पॅन माझा १५०.२ चा, तो ठेवूनच काटा शून्य केलेला, म्हणजे उचलल्यावर −१५०.२ दिसायला हवं होतं. शून्य ०.४ ने खाली सरकलेलं, काटा कमी दाखवत होता आणि मी तेवढी पावडर जास्त घालत होतो, तेही मॅक्सिममच्या जवळच्या लोडला, म्हणजे पावडरीच्या कमाल मर्यादेजवळच्या भरणीला. कुठल्या काडतुसापासून चुकलं ते कळायला मार्ग नाही, म्हणून पुलरचा हातोडा (भरलेल्या काडतुसातून बुलेट काढायचं हत्यार) घेऊन चाळीसच्या चाळीस उघडली. पहिली काही बरोबर निघाली, नंतर हळूहळू वाढत गेलेली. तेव्हापासून पॅनचं वजन पॅनच्याच बुडाला मार्करने लिहिलंय, काटा अर्धा तास आधी ऑन करतो, पंखा बंद, आणि दर दहा केसनंतर (केस म्हणजे काडतुसाची रिकामी नळी) पॅन उचलून तो मायनसचा आकडा बघतो. दोन सेकंद लागतात.

चेक वेट, म्हणजे नेमकं वजन माहीत असलेला छोटा तुकडा, घ्या. काट्यासोबत येणारं कॅलिब्रेशनचं वजन बहुतेक वेळा २० किंवा ५० ग्रॅमचं असतं, म्हणजे साधारण तीनशे किंवा पावणेआठशे ग्रेन, आणि तुमचा चार्ज (एका काडतुसाची पावडर) असतो पाच नाहीतर चाळीस ग्रेनचा. तुम्ही जिथे मोजता त्याच्या आसपासचं वजन ठेवून बघा ना.

दुसरी चूक लोकांच्या लक्षातच येत नाही. बऱ्याच डिजिटल काट्यांत ऑटो झीरो असतं, अगदी हळू बदलणारं वजन काटा ड्रिफ्ट (आकडा आपोआप सरकणं) समजून गिळून टाकतो. ट्रिकलरने (थोडी थोडी पावडर सोडणारी नळी) एकेक दाणा सोडत बसलात की आकडा हलत नाही, तुम्ही अजून टाकता, आणि पॅनमध्ये स्क्रीनपेक्षा जास्त पावडर जमते. खात्री करायची तर पॅन ठेवून झीरो करा आणि चिमट्याने लांब दाण्याच्या पावडरीचा एकेक दाणा थांबत थांबत टाका, पंधरा-वीस दाण्यांनंतरही ०.० च असेल तर तुमचा काटा गिळतो. मी ट्रिकल झाल्यावर पॅन पूर्ण उचलून परत ठेवतो आणि दुसऱ्यांदा दिसलेला आकडाच खरा मानतो.

ग्रॅम आणि ग्रेनचं बटण रोज बघा, एक ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन, इथे चुकलात तर सांगायला नको. बीम स्केल (दांडीचा तराजू) वाल्यांनी मोठा पॉइज, म्हणजे दांडीवर सरकणारं वजन, खाचेत नीट बसलाय का ते बघा, एक खाच चुकली की थेट पाच-दहा ग्रेनचा फरक. मोबाईल काट्याजवळ नको.

ड्रमवाला मेझर (फिरत्या ड्रमने पावडर मापणारं साधन) वजन करत नाही, जागा भरतो. बॉल पावडर, म्हणजे गोल दाण्याची, छान वाहते, लांब दाण्याची पावडर अडकते, ड्रमच्या कडेला दाणा कापला जातो तो कचकन हाताला जाणवतो, तो चार्ज मी सरळ हॉपरमध्ये (मेझरवरच्या पावडरीच्या भांड्यात) परत टाकतो. ट्यूबमध्ये पावडर अडकली तर एक केस अर्धी आणि पुढची जास्त भरते, त्यामुळे बुलेट बसवायच्या आधी टॉर्च मारून ट्रेमधल्या सगळ्या केस बघायच्याच, ऑटोमॅटिक डिस्पेन्सर कितीही महागाचा असला तरी. मला घाई आहे म्हणणाऱ्याने त्या दिवशी रीलोडिंगला बसूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

आणि काम संपलं की हॉपर रिकामा करून पावडर तिच्याच डब्यात. टेबलावर एका वेळी एकच डबा.