स्टेन्सिल पुसायचं द्रावण मागवण्याआधी

सर्किट बोर्डवर सोल्डर पेस्ट छापणारा नवीन प्रिंटर यायचा असला की सगळ्यांचं लक्ष मशीनकडे लागतं आणि स्टेन्सिल (ज्याच्या छिद्रांतून पेस्ट बोर्डवर उतरते तो पातळ पत्रा) पुसायचं द्रावण आयत्या वेळी जवळच्या दुकानातून येतं. ते आधीच ठरवा.

सुरुवात पेस्टच्या डबीपासून करा. तिच्यातलं फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून मिसळलेला चिकट भाग) पाण्यात विरघळणारं असेल तर डीआय, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्यानेही बरंचसं निघतं. नो-क्लीन (सोल्डरिंगनंतर बोर्ड धुवावा लागत नाही अशा) पेस्टमधली राळ मात्र पाण्याला दाद देत नाही. पेस्ट बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात चालणाऱ्या द्रावणांची शिफारस असेल तर ती आधी पाहा.

मग पुरवठादाराकडून एसडीएस, म्हणजे द्रावणाचं सुरक्षा माहितीपत्रक, मागून घ्या. देत नसेल तर माल घेऊ नका. त्यातला 9वा भाग उघडून फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते ते) बघा. नेहमीच्या आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) तो साधारण 12 अंश सेल्सिअस असतो. म्हणजे पुण्यातली एखादी गारठ्याची पहाट सोडली तर वर्षभर त्याची वाफ नुसत्या ठिणगीने पेटू शकते. ही वाफ हवेपेक्षा दुपटीने जड असते आणि हवेत तिचं प्रमाण 2 टक्के झालं तरी पेट घेते. उघड्या ट्रेमधून निघून ती टेबलाखाली साचते, आणि एक्स्टेंशन बोर्ड नेमका तिथेच पडलेला असतो! म्हणून प्रिंटरच्या वायपरमध्ये (स्टेन्सिल आपोआप पुसणाऱ्या भागात) त्याच्या मॅन्युअलने परवानगी दिलेलंच द्रावण भरा. ध्वनिलहरींनी सफाई करणाऱ्या साध्या अल्ट्रासॉनिक टबमध्ये आयपीए कधीच ओतू नका. माझं मत विचाराल तर थोडे पैसे जास्त गेले तरी 60 अंशांच्या वर फ्लॅश पॉइंट असलेलं किंवा पाण्यावर आधारित क्लीनर घ्या. रात्रपाळीला एकटं काम करणाऱ्या मुलाचा विचार करून हे सांगतोय.

अ‍ॅसिटोन नको. त्याचा फ्लॅश पॉइंट उणे 20 आहे, शिवाय स्टेन्सिलभोवतीची जाळी फ्रेमला धरून ठेवणारा इपॉक्सी तो मऊ करतो. सुटा थिनर तर नकोच, त्यात काय काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ट्रायक्लोरोइथिलीन सफाई उत्तम करतं, पण ते कर्करोगकारक आहे.

पाण्याचे क्लीनरही डोळे मिटून घेऊ नका. जास्त अल्कधर्मी असले तर अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम खातात, स्टेन्सिलवर पेस्ट चिकटू नये म्हणून दिलेलं नॅनो कोटिंगही जाऊ शकतं. धुतल्यावर स्टेन्सिल पूर्ण वाळवा. छिद्रांत ओल राहिली तर पुढच्या प्रिंटला सोल्डर बॉल (बोर्डवर सुटे पडलेले सोल्डरचे बारीक गोळे) येतात.

हातमोजे नायट्रिलचे घ्या, चष्मा घ्या. कापड लिंट न सुटणारं हवं. भिजलेल्या कापडांना झाकणाचा पत्र्याचा डबा लागतो. मळलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, त्यात सोल्डरचे कण असतात आणि शिशाची पेस्ट असेल तर शिसंही. ते अधिकृत धोकादायक कचरा उचलणाऱ्याकडेच द्या.

मोठा ड्रम मागवण्याआधी एक लिटर आणा. जुन्या स्टेन्सिलची चिकटवलेली कड कापून रात्रभर झाकणबंद भांड्यात त्यात बुडवून ठेवा आणि सकाळी नखाने उचकटून पाहा. सुटली तर दुसरं द्रावण शोधा.