टायगर मॉथ आणि बडोद्याचा पावसाळा: चार महिने विमान कसे सांभाळावे

ज्या टायगर मॉथवर दुसऱ्या महायुद्धातील हजारो वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे गिरवले, ते विमान खासगी संग्रहात नुसते मांडून न ठेवता उडते ठेवायचे असेल, तर बडोद्यासारख्या ठिकाणी त्याची खरी कसोटी जमिनीवरच लागते. १९३१ साली प्रथम उडालेल्या या विमानाच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आहे, पंखांचे स्पार (म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळया) आणि फासळ्या स्प्रूस लाकडाच्या आहेत आणि वर डोप, म्हणजे कापड घट्ट करणारा लेप, चढवून ताणलेले कापड आहे. पोलाद, लाकूड आणि कापड या तिन्हींची ओलीशी निरनिराळी वैरे आहेत. बडोदे संस्थानाने दिलेल्या देणग्यांच्या स्मरणार्थ रॉयल एअर फोर्सच्या १२४ व्या स्क्वाड्रनला ‘बडोदा’ हे नाव मिळाले होते आणि ती तुकडी स्पिटफायर ही लढाऊ विमाने उडवीत असे. अशा शहरात जुने विमान केवळ ओलीमुळे निकामी व्हावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तयारी मे महिन्याच्या अखेरीस सुरू करावी. इंजिन साठवणीत ठेवण्यापूर्वी एक पुरेसे लांब उड्डाण करावे, म्हणजे तेल चांगले तापून त्यातील पाण्याचा अंश निघून जातो. मात्र हे उड्डाण भल्या पहाटेच उरकावे. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर असले, तरी ४२ अंश तापमानात येथील हवा प्रमाण स्थितीतील सुमारे हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते आणि १३० अश्वशक्तीच्या जिप्सी मेजर इंजिनाला हा फरक चांगलाच जाणवतो. विमान उतरल्यावर तेल गरम असतानाच काढावे, गंजरोधक तेल भरावे, स्पार्क प्लगच्या भोकांतून तेच तेल सिलिंडरमध्ये फवारावे आणि प्लगच्या जागी सिलिका जेल भरलेले पारदर्शक प्लग बसवावेत. त्यातील निळे दाणे गुलाबी झाले की ते बदलावेत. एक्झॉस्ट आणि हवा आत घेण्याचे तोंड बंद करून प्रोपेलरला लाल पट्टी बांधावी आणि त्यानंतर प्रोपेलरला हात लावू नये. दर रविवारी प्रोपेलर चार फेरे फिरवण्याची किंवा इंजिन पाच मिनिटे चालवण्याची सवय अनेकांना असते. ती काळजीपोटीच लागलेली असली, तरी हाताने फिरवल्याने धातूवरचा तेलाचा थर पुसला जातो आणि अल्पकाळ चालवल्याने तेल पुरते न तापता आत उलट बाष्पच साचते.

टाकीच्या बाबतीत एकच गोष्ट निक्षून सांगतो. पंपावरचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल या विमानात कधीही भरू नये, कारण इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या रबरी सीलना व नळ्यांना खराब करते.

हँगरमध्ये आर्द्रतामापक टांगून आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवावी. लाकडाला अति कोरडी हवाही मानवत नाही. झाकण्यासाठी प्लास्टिक न वापरता सुती कापड वापरावे. एका संग्रहात मी स्वतः पाहिलेला प्रसंग सांगतो. पंखावर प्लास्टिकची ताडपत्री दोन महिने तशीच राहिली होती. खालच्या बाजूची तपासणीची झडप उघडताच ओल्या गोणपाटासारखा वास आला, मागच्या स्पारजवळ पांढरट बुरशी दिसली आणि पाण्याच्या निचऱ्याची बारीक भोके रंगाने बुजलेली आढळली. जुन्या बांधणीत दुधातील केसीनपासून केलेला सरस वापरला असेल, तर अशा ओलीत बुरशी त्याच्यावर पोसते आणि बाहेरून धडधाकट दिसणारा जोड आतून सुटतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी सगळी भोके बारीक काडीने मोकळी करावीत, जोडांवर नखाने हलकेच टिचक्या मारून पोकळ आवाज येतो का ते ऐकावे आणि शंका आली तर कापड कापून आत पाहण्यास कचरू नये. उंदरांचा बंदोबस्तही तितकाच आवश्यक आहे, कारण ते कापड कुरतडतातच, शिवाय त्यांच्या मूत्राने धातूही सडतो.

सुटे भाग विकत घेताना त्यांच्या उगमाचा कागद पाहिल्याशिवाय ते बसवू नयेत. १६ डिसेंबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ एका टायगर मॉथचा पंख हवेतच निखळला आणि दोघांचा मृत्यू झाला. धडातील आडवे टाय रॉड, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र बांधून ठेवणाऱ्या सळया, धातूच्या थकव्याने पडलेल्या तड्यांमुळे तुटल्याचे तपासात आढळले. हे रॉड वरून दिसत नाहीत आणि म्हणूनच त्यांचा हिशेब लॉगबुकात तासांनुसार ठेवावा लागतो. नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेची कागदपत्रे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे आणि परवानाधारक अभियंत्याच्या सहीनेच पूर्ण करावीत.

आपल्या घरांत खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. त्याच दिवशी हँगरमधील सगळे पाने, पकडी आणि स्क्रूड्रायव्हर यादीशी ताडून पाहावेत आणि एकही नग कमी भरला, तर तो सापडेपर्यंत विमान बाहेर काढू नये, कारण आत राहिलेला पाना कंट्रोलच्या तारांत अडकू शकतो.

जिप्सी मेजरचे सिलिंडर उलटे, म्हणजे खाली डोके करून बसवलेले असल्याने बरेच दिवस बंद असलेल्या इंजिनातील तेल त्यांत साचते. म्हणून पावसाळा संपून इंजिन पुन्हा सुरू करण्यापूर्वी, सिलिका जेलचे प्लग काढल्यावर, स्विच आणि पेट्रोल बंद असल्याची खात्री करून, प्रोपेलर हाताने सावकाश फिरवावा. प्लगच्या भोकांतून तेल ठिबकू लागेल, ते भांड्यात धरावे आणि फेरा मोकळा झाल्यावरच खरे प्लग बसवावेत. प्लग बसवल्यानंतर प्रोपेलर कुठे अडला, तर जोर लावू नये, कारण त्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. स्विच बंद असला, तरी मॅग्नेटोची, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राची, तार तुटलेली असू शकते आणि मग इंजिन अचानक पेट घेऊ शकते, हे ध्यानात ठेवून प्रोपेलर नेहमी जिवंत आहे असे समजूनच त्याच्याजवळ उभे राहावे.

या विमानाला ब्रेक नाहीत. चाकांना अडण्या लावून, शेपटीपाशी एक माणूस उभा करून आणि कॉकपिटमध्ये जाणता वैमानिक बसवूनच ते सुरू करावे. पहिले उड्डाण वारा शांत असताना, प्रवासी न घेता, धावपट्टीच्या नजरेच्या टप्प्यात आणि पंधरा-वीस मिनिटांचेच करावे. उतरल्यावर इंजिनाचे झाकण उघडून ताजे तेल कुठे झिरपले आहे ते पाहावे आणि त्याची नोंद लॉगबुकात त्याच दिवशी करावी.